नवरीकडचे सापडले, नवऱ्याकडचे नाही

आमच्या स्टुडिओत कॅमेरा नवऱ्याकडे आणि कॉम्प्युटर माझ्याकडे, ही वाटणी लग्न झालं तेव्हापासूनची. तो मांडवात उभा राहतो. मी रात्री जेवणं आटोपली की फोटो निवडते, रंग सुधारते, अल्बमच्या शीट लावते आणि लॅबला पाठवते. म्हणून जुना फोटो पाहिजे असला की गावातली माणसं त्याच्याकडे जातच नाहीत. सरळ काउंटरवर येऊन, “वहिनी, तो फोटो आहे काय हो?” आमचं गाव मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यातलं. संत्र्याला भाव भेटला की अल्बम जाडजूड, भाव पडला की पानं निम्मी. पण जुना फोटो मागायला भावाशी काही घेणंदेणं नसतं.

हल्ली ही मागणी एका भलत्याच बाजूनं वाढली आहे. ती म्हणजे शंकरपट, आमच्याकडच्या बैलजोड्यांच्या शर्यती. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानंही शर्यतींना मान्यता देणारा कायदा कायम ठेवला. मधल्या काळात २०१२-१३ च्या पटात पळालेले बैल म्हातारे झाले, काही गेले. आता पट परत भरू लागले, तर प्रत्येकाला आपल्या त्या वेळच्या जोडीचा फोटो पाहिजे. कोणाला भिंतीवर लावायला, कोणाला फ्लेक्सवर नव्या जोडीच्या मागे. माझा नवरा बंदीच्या आधी हौसेनं तळेगाव दशासरच्या पटात जायचा, दिवस दिवस तिथंच राहायचा. त्यामुळे हा माल आमच्याकडे भरपूर आहे. म्हणजे, असावा.

तर असेच एक ओळखीचे आले.

“वहिनी, आमच्या जोडीचा फोटो पायजे. तळेगावच्या पटातला. बंदीच्या आंधीचा.”

“कोणत्या साली?”

“ते तं नाई आठवत. पांढरा डाव्या अंगाले होता.”

साल आठवत नाही, पण बैल कोणत्या अंगाला जुंपला होता ते पक्कं आठवते. मी ‘पट’ आणि ‘तळेगाव’ हे दोन शब्द टाकून शोधलं. हे शब्द मी त्या त्या वेळी फोटोंना लावून ठेवलेले असतात, आणि त्याचा फायदा असा अचानक कधीतरी होतो. स्क्रीनवर जोड्याच जोड्या आल्या. त्यातली एक त्यांनी बोटानं दाखवली. दोन्ही बैलांचे पुढचे पाय हवेत, जोडी हाकणारा धुरकरी पार वाकलेला, मागे धूळ, आणि पांढरा खरंच डाव्या अंगाला. पण फोटोच्या कोपऱ्यात एक बारीक उद्गारचिन्ह होतं. मी प्रिंट काढायला गेले तर फाइल सापडत नाही असा निरोप.

“कॉम्प्युटरले दिसून नाई रायला,” मी म्हटलं.

“मले तं दिसून रायला,” ते म्हणाले.

आता दोघांचंही खरं होतं. आम्ही फोटो लावायला-सुधारायला लाइटरूम क्लासिक हे सॉफ्टवेअर वापरतो. या जातीची बहुतेक सॉफ्टवेअरं स्वतःच्या पोटात फोटो ठेवत नाहीत. त्यांच्याकडे असते एक नोंदवही, कॅटलॉग म्हणतात तिला. आतून ती एस्क्यूलाइट जातीची एक डेटाबेस फाइल असते. फोटो कोणत्या डिस्कवर, कोणत्या फोल्डरात, कोणत्या नावानं आहे, त्याला किती स्टार दिले, कुठं कापला, उजेड किती वाढवला, हे सगळं तिथं लिहिलेलं असते. शिवाय प्रत्येक फोटोची छोटी प्रतिमा कॉम्प्युटरवरच वेगळी साठवलेली असते, म्हणून डिस्क कपाटात असली तरी फोटो पडद्यावर दिसतो. मूळ फोटो मात्र डिस्कवरच. सातबाऱ्यावर गट नंबर चुकला म्हणून वावर कुठं निघून जात नाही, ते नदीकाठी होतं तिथंच असते. हेही तसंच आहे, फरक एवढाच की इथं तलाठी आपणच.

तर मग पत्ता कसा चुकला? डिस्क लावलेली होती, तिचा दिवा लुकलुकत होता, विंडोजमध्ये उघडून पाहिली तर आत सगळे फोल्डर जागेवर. फक्त आधी ती ‘ई’ ड्राइव्ह म्हणून यायची आणि आता ‘आय’ म्हणून आली होती. कारण शोधता शोधता टेबलाखाली भेटलं. भाच्यानं हौसेनं आणून दिलेला कार्ड रीडर. चार प्रकारच्या कार्डांसाठी चार खाचा. असा रीडर रिकामा असला तरी प्रत्येक खाचेसाठी एकेक अक्षर अडवून बसतो, आणि विंडोज रिकाम्या खाचा सहसा दाखवतही नाही, म्हणून ते लक्षात येत नाही. विंडोजला एखाद्या डिस्कचं जुनं अक्षर आठवत असते खरं, पण ती लावलेली नसताना दुसऱ्या कोणी ते घेतलं तर तिला पुढचं रिकामं अक्षर भेटते. नोंदवहीत ‘ई’ लिहिलेलं, म्हणून सॉफ्टवेअर ‘ई’ च्या दारात जाऊन उभं. तिथं कोणी नाही, मग फोल्डरवर प्रश्नचिन्ह आणि फोटोवर उद्गारचिन्ह. यात त्या सॉफ्टवेअरचा दोष मला तरी वाटत नाही. त्याला जो पत्ता दिला तिथं ते गेलं.

उपाय साधा आहे. स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडायचं, आपल्या डिस्कवर उजवं क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, आणि शेवटाकडचं एखादं अक्षर द्यायचं. मी ‘पी’ पासून पुढे सुरुवात केली, ‘पी’ ‘क्यू’ ‘आर’ अशी. तिथपर्यंत पेनड्राइव्ह आणि कार्ड रीडर पोचत नाहीत. त्याच अक्षराचं स्टिकर डिस्कच्या पाठीवर. हे अक्षर त्या कॉम्प्युटरपुरतंच असते, डिस्कसोबत फिरत नाही. लॅपटॉपला लावली की तिथं परत द्यावं लागते. मग सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात वरच्या फोल्डरवर उजवं क्लिक, ‘फाइंड मिसिंग फोल्डर’, आणि नवी जागा दाखवायची. वरचा एक फोल्डर जोडला की त्याच्या पोटातले सगळे आपोआप जुळतात. म्हणून आमच्या प्रत्येक डिस्कवर आधी एकच मोठा फोल्डर असतो आणि बाकी सगळं त्याच्या आत. ज्यांच्या डिस्कवर नुसतीच शंभर लग्नं मोकळी पसरलेली आहेत, त्यांनी हे शंभर वेळा करावं लागेल या तयारीनं बसावं.

त्याआधी एक गोष्ट. आमच्याकडे हाताखाली काम करणारा मुलगा चांगला हुशार आहे, पण त्याला लाल-पिवळं काही दिसलं की लगेच काहीतरी दाबायचं असते. तो म्हणाला, “काकू, सिंक्रोनाइझ करून टाकू का? मागं एका दुकानात तसंच करत होते.” मी त्याचा हात धरला. ‘सिंक्रोनाइझ फोल्डर’ च्या चौकटीत ‘रिमूव्ह मिसिंग फोटोज फ्रॉम कॅटलॉग’ असा एक चौकोन असतो. डिस्कचं अक्षर बदललेलं असताना तिथं टिक ठेवून पुढे गेलं, तर सॉफ्टवेअर गुमान त्या सगळ्या नोंदी पुसते. फोटो डिस्कवर राहतात, पण स्टार, शब्द, कापाकापी, रंग, रात्र रात्र बसून केलेलं सगळं जाते. मग लोक तेच फोटो परत इम्पोर्ट करतात आणि म्हणतात फोटो तर आले. आले, पण कोरे. माझ्या मते डिस्क हरवण्यापेक्षा हा प्रकार वाईट, कारण काय गेलं हे पुढच्या वर्षी कोणी जुना अल्बम परत मागेपर्यंत कळत नाही.

अक्षर बदललं, वरचा फोल्डर जोडला. प्रश्नचिन्हं भराभर उडाली. मला वाटलं संपलं. पण काही फोल्डर तसेच राहिले, आणि गंमत बघा, ते कोणते ते वाचून मला हसू आलं. एका लग्नात ‘नवरीकडचे’ सापडले, ‘नवऱ्याकडचे’ नाही. ‘हळद’ सापडली, ‘वऱ्हाड’ नाही. नवऱ्यानं एका मासिकासाठी शेतीचे फोटो काढले होते, त्यातली ‘तूर’ होती, ‘पऱ्हाटी’, म्हणजे कपाशी, गायब. आणि तळेगावच्या पटात ‘पहिला दिवस’ जागेवर, ‘दुसऱ्या दिवसाचे’ नाही. आपल्या गिऱ्हाइकाची जोडी पळाली होती दुसऱ्या दिवशी.

हे सगळं आधी एका जुन्या डिस्कवर होतं. दोन वर्षांमागे ती टक् टक् आवाज करायला लागली तेव्हा तिच्यातला डाटा नवीन डिस्कवर मारला होता. सगळं एकदम कॉपी होईना, मधेच एखाद्या फाइलवर अडकायचं, म्हणून त्या मुलानं नव्या डिस्कवर फोल्डर हातानं बनवले, नावं टाइप केली आणि फोटो थोडे थोडे करून ओढले. चांगलं काम केलं त्यानं, एकही लग्न सोडलं नाही. नावंही बरोबर. नोंदवहीतलं आणि डिस्कवरचं अशी दोन्ही नावं मी शेजारी शेजारी ठेवून पाहिली, काना-मात्रेचा फरक नाही.

मग दोन्ही नोटपॅडमध्ये घेतली आणि मागून बॅकस्पेस मारत गेले. एका नावात शेवटी ‘नव’ च्या पुढे खाली टिंब असलेला ‘ऱ’ उरला. दुसऱ्यात साधा ‘र’. तिथं लक्षात आलं. आपला हा आडव्या रेघेचा अर्धा र दोन वाटांनी लिहिता येतो. एक, टिंबवाला ‘ऱ’ आणि त्याला हलन्त. दुसरी, साधा ‘र’, हलन्त, आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. ते चिन्ह विसरलं की ‘नवर्या’ असा रफार डोक्यावर चढतो, तो सगळ्यांनी पाहिला असेल. दोन्ही वाटांनी पडद्यावर सारखंच दिसते: नवऱ्या आणि नवर्‍या. तुमच्या फॉन्टमध्येही बहुतेक फरक दिसणार नाही. मी ज्या कीबोर्डनं नावं लिहिली होती तो एका वाटेनं जायचा, त्या मुलाचा मराठी कीबोर्ड दुसऱ्या. माणसाला एकच नाव, कॉम्प्युटरला दोन वेगळी. आणि आपल्या भागात तर वऱ्हाडापासून पऱ्हाटीपर्यंत सगळं याच अर्ध्या र वर चालते!

हे कळल्यावर काम सोपं झालं. राहिलेले फोल्डर एकेक करून हातानं जोडले. बैलजोडी निघाली, बारा बाय अठराची फ्रेम गेली, पैसे कापूस विकल्यावर.

जोडताना मात्र एक खोडी होतीच. कॅमेरा फोटोंना चार आकडी नंबर देतो, ९९९९ झाले की परत ०००१ पासून. वर्षभरात आमचे दोन-तीन फेरे होतात. म्हणजे एकाच नंबरचे अनेक फोटो, वेगवेगळ्या फोल्डरात. एकटादुकटा फोटो हातानं शोधून जोडायचा असला तर नुसत्या नंबरावर विश्वास ठेवू नये, नाहीतर ३४१२ नंबरच्या बैलाच्या जागी ३४१२ नंबरची मेहंदी येऊन बसते. फोटो काढल्याची तारीख आणि वेळ फाइलमध्ये लिहिलेली असते, ती आधी जुळवावी. आता मी इम्पोर्ट करतानाच नावात तारीख घालते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे नावावर रांग लावली तरी तारखेनुसारच लागते. आणि फोल्डरची नावं बदलली. ‘नवरीकडचे’ आता ‘वधूपक्ष’, ‘नवऱ्याकडचे’ आता ‘वरपक्ष’. नवरा म्हणतो पत्रिकेसारखं वाटते. वाटू दे.

सगळीच सॉफ्टवेअरं अक्षरावर चालतात असं नाही. डिजिकॅम नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात बाहेरच्या डिस्कसाठी वेगळी सोय आहे. ते डिस्क अक्षरावरून नाही, तिच्या आतल्या ओळख क्रमांकावरून ओळखायला बघते. ती फॉरमॅट केली किंवा डाटा दुसऱ्या डिस्कवर हलवला तर ओळख क्रमांकही बदलतो, मग तिथंही नवी जागा दाखवावीच लागते. पुण्याला असलेल्या पुतण्याकडे मॅक आहे, तिथं अक्षरंच नाहीत, डिस्क नावानं येतात. पण एकाच नावाच्या दोन डिस्क लागल्या की दुसरीच्या पत्त्यात पुढे एक आकडा चिकटतो, म्हणजे पत्ता चुकायची वाट तिथंही आहे. आमच्या तालुक्यातले बरेच स्टुडिओवाले पिकासा नावाच्या फोटोच्या सॉफ्टवेअरवर बसले होते. गुगलनं ते मार्च २०१६ मध्ये बंद केलं. त्यात चेहऱ्यांना दिलेली नावं आणि बारीकसारीक दुरुस्त्या प्रत्येक फोल्डरातल्या एका लपलेल्या फाइलमध्ये असायच्या. डाटा कॉपी करताना ती फाइल कोणी नेलीच नाही, म्हणून कित्येकांचे फोटो आले आणि नावं मागे राहिली.

आपली मेहनत नोंदवहीत अडकू नये म्हणून लाइटरूममध्ये ‘एक्सएमपी’, म्हणजे फोटोसोबतच माहिती लिहून ठेवायच्या पद्धतीत, बदल लिहायची सोय असते. ती आपणहून चालू नसते, सेटिंगमध्ये जाऊन करावी लागते. मग स्टार, शब्द, रंगाच्या दुरुस्त्या फोटोच्या फाइलमध्येच किंवा रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, असेल तर तिच्या बाजूच्या छोट्या फाइलमध्ये जातात. कलेक्शन (फोटोंचे केलेले गट) आणि व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोच्या नुसत्या नोंदीतल्या प्रती) मात्र नोंदवहीतच राहतात, आणि जुन्या व्हर्जनमध्ये निवडीच्या खुणेचे झेंडेही. म्हणून अल्बमसाठी निवडलेल्या फोटोंना मी झेंडा लावत नाही, पाच स्टार देते.

लाईटचं सांगायलाच नको. डिस्क चालू असताना लाईट गेली आणि फॉरमॅट, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, एक्सफॅट असला तर फोल्डरांची यादीच बिघडायची भीती जास्त. एनटीएफएसमध्ये आधी काय करायचं याची नोंद होते, मग काम, त्यामुळे ते जरा सावरून घेते. आमच्या डिस्क एनटीएफएसवर आणि यूपीएसवर. पातळ, लांब केबल वापरायची नाही. कॉम्प्युटरच्या पुढच्या ढिल्या पोर्टला तर मी चिकटपट्टी लावून टाकली.

आणि बॅकअप. बंद करताना सॉफ्टवेअर विचारते, “बॅकअप घेऊ का?” लोक खुशीत ‘हो’ दाबतात. तो बॅकअप फक्त नोंदवहीचा असतो, त्यात एकही फोटो नसतो. फोटोंची दुसरी प्रत वेगळी करावी लागते आणि ती घरात ठेवून उपयोग नाही. आमची दुसरी प्रत माझ्या माहेरी, आईच्या लोखंडी कपाटात. सणावाराला जाणं होते तेव्हा नवी डिस्क नेते, जुनी आणते आणि काही फोटो उघडून पाहते.

भाचा म्हणतो, “मामी, क्लाउडवर टाक ना सगळं.” मी हिशोब केला. दोन टीबीची एक डिस्क, अपलोडचा वेग १० एमबीपीएस, आणि तो वेग रात्रंदिवस एकसारखा राहिला असं धरलं, तरी १८ दिवसांवर जाते. तेही एकदाही लाईट न जाता. आणि आमच्याकडे डिस्क आहेत सात. त्यानं मग विचारलं, निदान पाच स्टारवाले तरी? ते सुरू केलंय. सध्या २०१९ च्या लग्नांवर आहे.